ब्लॅक फॉरेस्टचं पाहुणेकार्ड : भुसावळच्या रेल्वेवाल्याचा अभिप्राय

जर्मनीत पोरं नोकरीला असलेल्या आपल्या खान्देशातल्या आईबापांसाठी हे लिहितोय. पहिल्यांदा बोलावलं की पोरं आपल्याला काय दाखवतात? म्युनिकचा चौक, कोलोनचं चर्च, स्वित्झर्लंडची एक धावती चक्कर, आणि उरलेले दिवस फ्लॅटच्या खिडकीतून समोरचं पार्किंग. त्यांचाही दोष नाही, त्यांना सुट्टी कुठे असते! पण साठी ओलांडलेली दोन माणसं एकटी कुठे जाऊ शकतात का? भाषा येत नाही, गाडी चालवायची नाही, आणि खिशालाही फार चाट बसायला नको. जाऊ शकतात. नैऋत्य जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरात जायचं, शहरात न राहता खेड्यात राहायचं, आणि घरमालकिणीकडून पाहुणेकार्ड हातात पडल्याशिवाय बॅग उघडायची नाही. हा अभिप्राय त्या कार्डाचा आहे. जंगलाचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत.

कार्ड दुकानात विकत मिळत नाही. तिकडच्या गावांत मुक्कामाला येणाऱ्याकडून दर रात्रीचा थोडा कर घेतात, आपल्या यात्राकरासारखाच प्रकार. आमच्या गावी माणशी तीन युरोच्या आसपास पडला. शंभरने गुणायची खोड आपल्याला विमानातच लागते, तेव्हा तीनशे रुपये धरा. तो भरला की घरमालकीण कॉम्प्युटरवर नावं आणि तारखा टाकून कार्ड देते, त्यावर ‘कोनुस’ असं छापलेलं असतं. मग मुक्काम संपेपर्यंत बस आणि साध्या रेल्वेगाड्या फुकट. तेही एका गावापुरतं नाही. उत्तरेला कार्ल्सरुहे-फोर्त्सहाइमपासून दक्षिणेला थेट बाझेलच्या सीमेपर्यंत, म्हणजे जवळजवळ सगळा ब्लॅक फॉरेस्ट.

तिकीट तपासनीस आला की कार्ड दाखवायचं, तो मान हलवून पुढे जातो. मी उभ्या आयुष्यात रेल्वेचा पास वापरलेला माणूस, मला त्यात काही नवल वाटायचं कारण नव्हतं. पण आमच्या सौभाग्यवतीला प्रत्येक बसमध्ये चढताना वाटायचं की आता उतरवतील. शेवटी शेवटी तीच माझ्याआधी कार्ड पुढे करायला लागली.

यात एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पोरांनाही ती माहीत नसते. हिंटरत्सार्टन, टिटिसे, फेल्डबर्ग या वरच्या भागात अजून एक कार्ड आहे, होखश्वार्त्सवाल्ड कार्ड. हे सगळे घरमालक देत नाहीत, जे त्या योजनेत आहेत तेच देतात, आणि किमान दोन रात्री राहावं लागतं. यात शंभरच्या वर ठिकाणांचा प्रवेश फुकट असतो, फेल्डबर्गची केबलकारसुद्धा. खोली ठरवतानाच पोरीला विचारायला लावा की दुसरं कार्ड मिळतं का. पाच-दहा युरो स्वस्त खोली घेतली आणि हे कार्ड नसलं, तर हिशेब तोट्यात जातो.

दोन अटी आहेत. वेगवान गाड्यांत, म्हणजे आयसीई आणि आयसीमध्ये, कोनुस चालत नाही. आणि कार्ड मुक्कामाच्या गावी पोचल्यावर मिळत असल्याने तिथवर पोचायचं तिकीट आपलं आपण काढायचं. आमच्या पोरीने स्टुटगार्टहून आम्हाला त्यांचं महिन्याचं डॉइचलांड तिकीट काढून दिलं होतं. २०२३ मध्ये ते ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि २०२६ पासून ६३. देशभरच्या साध्या गाड्या आणि शहरबस त्यावर चालतात. तुम्ही महिनाभर राहणार असाल आणि पोरीच्या गावातही फिरणार असाल तर तेच घ्या, मग कोनुसचा रेल्वेपुरता फायदा उरत नाही. नुसता आठवडाभर डोंगरात राहायचं असेल तर कोनुस पुरे.

जर्मन गाडी म्हणजे घड्याळ हा समज मात्र भुसावळलाच ठेवून जा. २०२४ साली त्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोचल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशिरात धरतच नाहीत. हे वाचून मला नाही म्हटलं तरी थोडं बरं वाटलं. घाटातल्या छोट्या गाड्या आम्हाला बऱ्या भेटल्या.

त्या घाटाबद्दल आता जरा जास्त लिहिणार आहे. ज्यांना रेल्वेत रस नाही त्यांनी पुढचे चार परिच्छेद सोडून चालण्यावर जावं.

फ्रायबुर्गहून हिंटरत्सार्टनला जी गाडी चढते तिच्या मार्गाला होलेंटालबान म्हणतात. १८८७ साली सुरू झालेला मार्ग. चढ किती, तर सर्वात अवघड तुकड्यात ५७ प्रतिहजार, म्हणजे साधारण १८ ला १. आपल्याकडे कसाऱ्याचा घाट ३७ ला १ आहे आणि तिथे मागून ढकलणारं बँकर इंजिन लावल्याशिवाय बहुतेक गाड्या इगतपुरी बघत नाहीत. सुरुवातीला इथे मधोमध दातेरी रूळ होता, इंजिनाचं चाक त्यात अडकवून गाडी वर न्यायचे. १९३३ पासून तो काढून टाकला. आता चकचकीत ईएमयू, म्हणजे आपल्या लोकलसारखी डब्यांखालीच मोटर असलेली विजेची गाडी येते, डब्यात सायकली, कुत्री, बाबागाड्या, आणि हूं की चूं न करता चढून जाते. मी खिडकीपेक्षा कानाने प्रवास केला. मोटरचा आवाज चढावर किती बदलतो ते ऐकत होतो. बदलला, पण फार नाही. राव्हेना नावाचा एक दगडी पूल लागतो, ३६ मीटर उंच, तो लोक खाली उतरून मुद्दाम बघायला जातात. तुम्हीही जा. खालून पायवाट आहे, गाडी डोक्यावरून जाते.

पण या घाटाचं भुसावळशी नातं आहे, आणि ते सांगणारा फलक मला तरी कुठे दिसला नाही. मी इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये नोकरी केली. पंचवीस हजार व्होल्ट, पन्नास सायकल (म्हणजे विजेची सेकंदाला पन्नास आवर्तनं), हे आकडे आमच्या तोंडात जप केल्यासारखे. जर्मनीत मात्र रेल्वेच्या तारेत पंधरा हजार व्होल्ट असतात आणि सायकल १६.७. म्हणजे घरातल्या विजेहून वेगळी वीज, त्यासाठी वेगळी व्यवस्था. जुन्या काळी पन्नास सायकलवर गाडी ओढणाऱ्या मोटरच्या कम्युटेटरला, म्हणजे वीज घेणाऱ्या फिरत्या भागाला, ठिणग्या उडायच्या, म्हणून त्यांनी सायकल कमी ठेवली. तर १९३६ साली जर्मनांनी विचार केला की सरळ कारखान्याचीच पन्नास सायकलची वीज वापरून पाहू. प्रयोगाला मार्ग कुठला निवडला? हाच घाट. वीस हजार व्होल्ट, पन्नास सायकल, आणि चार कंपन्यांनी चार वेगवेगळ्या पद्धतींची चार इंजिनं बनवून दिली. युद्धानंतर हा भाग फ्रेंचांच्या ताब्यात आला. फ्रेंच इंजिनियरांनी ते सगळं बारकाईने तपासलं, आपल्या देशात पुढचे प्रयोग केले, आणि त्यातून पंचवीस हजार व्होल्टची पद्धत पक्की झाली. भारताने १९५७ साली फ्रेंच रेल्वेच्या सल्ल्याने तीच घेतली. जर्मनांनी स्वतः मात्र १९६० मध्ये या घाटातली वीज पुन्हा आपल्या पंधरा हजारावर आणली.

म्हणजे ज्या तारेखाली मी हाडं झिजवली तिची एक मोठी परीक्षा या दरीत झाली होती. जावयाला सांगितलं तर तो म्हणाला, “पप्पा, हे गाइडला पण माहीत नसेल.” गाइडला नसेल, पण आमच्या शेडमधल्या कुठल्याही जुन्या माणसाला इथे आणून सोडा, तो डोक्यावरच्या विजेच्या तारांकडे बघत मान मोडून घेईल. पुढच्या फाट्यावर फेल्डबर्ग-बेरेंटाल स्टेशन आहे, ९६७ मीटर, जर्मनीच्या मुख्य रेल्वेचं सर्वात उंच स्टेशन. प्लॅटफॉर्मवर पाटी आहे, फोटो सगळेच काढतात.

दुसरा घाट ऑफेनबुर्गहून वर जातो, श्वार्त्सवाल्डबान. रॉबर्ट गेर्विग नावाच्या इंजिनियरने आखला, १८७३ मध्ये पूर्ण झाला. त्याने काय केलं, तर चढ कमी ठेवायला मार्गच डोंगराभोवती वळवून वळवून लांबवला. ३९ बोगदे. खिडकीतून तीच दरी आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे, आणि दर वेळी थोडी खाली गेलेली. यावरही कोनुस चालतं. डावी-उजवी खिडकी धरून भांडायची गरज नाही, दोन्हीकडे पाळी येते.

आता चालण्याचं. जर्मन माणसाची खरी संस्कृती बघायची असेल तर बिअरच्या तंबूत नको, रविवारी सकाळी गावाच्या बसथांब्यावर उभं राहा. सत्तरीच्या बायका, पायात जाड बूट, हातात दोन काठ्या, पाठीवर पिशवी, आणि गप्पा मारत डोंगराकडे. कुठला नवस नाही, कुठलं देऊळ नाही. आपल्याकडे डोंगरात जायचं तर तिथे मनुदेवी पाहिजे, पाटणादेवी पाहिजे, नाहीतर दिवाळीतली अस्तंब्याची यात्रा पाहिजे. यांना नुसतं चालायला डोंगर पुरतो. हिला ते पटत नव्हतं. “वर काही नाही तर जायचं कशाला?” हा तिचा प्रश्न होता आणि मला तो अजूनही अगदीच चुकीचा वाटत नाही.

पण त्यांनी जी सोय करून ठेवली आहे ती बघून मी टोपी काढली. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी खांब, खांबावर पाट्या. पाटीवर त्या जागेचं नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, आणि पुढच्या ठिकाणांची नावं अंतरासकट, तेही अर्ध्या किलोमीटरच्या हिशेबाने. शिवाय शंकरपाळ्याच्या आकाराची खूण: पिवळी असली तर गावाजवळची वाट, निळी असली तर लांबची, लाल असली तर कित्येक दिवसांची. वाट फुटली की झाडावर खूण. चुकलो असं वाटेपर्यंत पुढची खूण दिसते. मी शेडमध्ये मेंटेनन्सची नोकरी केलेला माणूस, म्हणून माझी नजर पाटीपेक्षा पाटीच्या स्क्रूवर जाते. एका खांबावरची पाटी नवी होती, तिचे दोन स्क्रू चकचकीत, आणि बाजूची जुनी पाटी पुसून स्वच्छ ठेवलेली. कोण करतं हे? सरकार असेल असं मला वाटलं. घरमालकीण म्हणाली, सरकार नाही, श्वार्त्सवाल्डफेराइन. १८६४ साली स्थापन झालेली संघटना, जर्मनीतली सर्वात जुनी पायी भटकणाऱ्यांची. सुमारे २४ हजार किलोमीटर वाटांच्या खुणा त्यांचे स्वयंसेवक सांभाळतात. तिचा दीर आमच्या गावाकडची एक वाट बघायचा. वसंतात एकदा जाऊन फांद्या छाटायच्या, वाकलेला खांब सरळ करायचा, पाट्या पुसायच्या. पगार नाही.

या लोकांनीच १९०० साली वेस्टवेग नावाची वाट आखली, फोर्त्सहाइमपासून बाझेलपर्यंत, २८५ किलोमीटरच्या आसपास. लाल खूण तिचीच. आम्ही तिच्यावर काही पावलं टाकली आणि फोटो काढला, तेवढंच.

आम्हाला झेपलेल्या वाटा सांगतो, कारण गुडघ्यांचा प्रश्न सगळ्यांनाच असतो. हिंटरत्सार्टन ते टिटिसे, साधारण पाच किलोमीटर, जवळजवळ सपाट. गावाजवळच दलदलीवरून फळ्या टाकून केलेली वाट आहे, दोन्हीकडे काळं पाणी आणि बुटकी झाडं. त्याच गावात स्की उड्यांचा उतार आहे, आणि उन्हाळ्यात त्यावर प्लॅस्टिकच्या गाद्या पसरून पोरं सराव करतात. आम्ही वर बघत उभे, तेवढ्यात बारा-तेरा वर्षांचा एक पोरगा सुटला तो थेट हवेत. “माय वं!” हिने डोळेच मिटले. खाली उतरून तो स्की खांद्यावर टाकून पुन्हा चढायला गेला, शाळेतून घरी निघाल्यासारखा.

फेल्डबर्ग १४९३ मीटर. आपला कळसूबाई १६४६ आहे, तेव्हा उंचीने हुरळून जायचं कारण नाही. केबलकारने सेबुकपर्यंत जायचं, तिथून माथ्यापर्यंत उघड्या कुरणातून अर्ध्या-पाऊण तासाची चाल. मे महिन्यात भुसावळ पंचेचाळीसच्या वर तापलेलं असताना आम्ही तिथे कानटोपी घालून उभे होतो आणि सावलीच्या उतारावर बर्फाचे मळके पट्टे शिल्लक होते. हवा स्वच्छ असेल तर आल्प्सची रांग दिसते. खाली फेल्डसे नावाचं गोल तळं आहे, तीन बाजूंनी कडे. पाणी असं की कुणालाही उतरावंसं वाटेल, पण पोहायला बंदी, कारण तळाशी एक दुर्मीळ पाणवनस्पती उगवते आणि ती तुडवली जाऊ नये. काठावर माणसं होती, पोरंटोरं होती, पण पाण्यात एकही नाही. रखवालदार नव्हता. हे मी दोनदा बघून खात्री करून घेतली.

आणि ज्या जंगलाला आपण ‘काळं’ म्हणतो, ते सगळं काही पुरातन नाही. जुन्या काळी लाकडासाठी डोंगरच्या डोंगर उघडे पडले, मग एकोणिसाव्या शतकात भराभर वाढणारं स्प्रूस लावलं. आता उन्हाळे कोरडे व्हायला लागल्यावर सालीखालचे भुंगे त्या झाडांना मारतात. गाडीतून डोंगरावर मधेमधे उभी वाळलेली करडी झाडं दिसतात ती तीच. आपल्या सातपुड्यात सागाची जी गत झाली ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजवायला नको. एक चांगलं आहे: १९७५ च्या त्यांच्या वनकायद्याने कुणालाही विरंगुळ्यासाठी जंगलात जायची मुभा आहे, जंगल खाजगी असलं तरी. कुंपण नाही, तिकीट नाही. सायकलवाल्यांना मात्र या राज्यात दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर मनाई आहे. गवतातून चालताना पायमोजे पँटवर ओढून घ्या आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत बघा. तिकडच्या गोचिडीपासून मेंदूच्या सुजेचा आजार होऊ शकतो आणि हा सगळा भाग त्या यादीत आहे. पोरं हे सांगत नाहीत, डॉक्टर सांगतात.

संस्कृतीचं म्हणाल तर गुटाखचं फोग्ट्सबाउर्नहोफ म्युझियम चुकवू नका. मूळ घर १६१२ सालचं, म्युझियम १९६४ पासून. हिवाळ्यात बंद असतं. छप्पर जवळजवळ जमिनीला टेकलेलं, अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखं घर. माणसं आणि गुरं एकाच छपराखाली, गुरांची ऊब माणसांना, आणि वरच्या मजल्यावर चारा. घर उतारावर बांधलेलं असल्यामुळे मागच्या बाजूने बैलगाडी थेट माळ्यावर जाते. ही तिथेच थबकली. तिच्या माहेरी, अमळनेर तालुक्यात, गोठा आणि ओसरी यांच्यामध्ये नुसता उंबरा होता. स्वयंपाकघरात धुराडं नाही, धूर वर कोंडलेला, भिंती डांबरासारख्या काळ्या, आणि त्या धुरात टांगून मांस टिकवायचं. आडव्या तुळईला हात लावला तर बोटाला अजून काजळी येते. त्याच धुराने लाकडाला कीड लागत नाही, असं तिथली बाई सांगत होती. हिने मान डोलावली, “आमच्या बी घरात चुलीवरचं आढं कधी किडलं नाही.” दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, मध्ये पोरगी सांगायला होती, पण तेवढ्यात दोघी चुलीच्या उंचीवर पोचल्या.

तिथेच ती प्रसिद्ध लाल गोंड्यांची टोपी बघायला मिळते. लोकरीचे चौदा गोंडे, कुमारिकेला लाल, लग्न झालेलीला काळे. सगळ्या ब्लॅक फॉरेस्टची खूण म्हणून ती बाटलीवर, डब्यावर छापतात, पण मुळात ती गुटाख आणि शेजारची दोन गावं एवढ्यांचीच. आपल्याकडे नऊवारी म्हटलं की सगळा महाराष्ट्र एकाच रंगात रंगवतात तसं झालंय ते.

योगायोगाने आम्ही फ्रोनलाइखनामच्या सुट्टीला तिथे होतो. जूनच्या आसपास गुरुवारी येणारा कॅथलिक सण. ह्युफिंगन नावाच्या छोट्या गावात त्या दिवशी रस्त्यावर फुलांचा गालिचा घालतात. भल्या पहाटे लोक पाकळ्यांची पोती घेऊन बसतात, आणि सकाळी मिरवणूक त्यावरून जाते. शेकडो मीटर, सलग. रंग पाकळ्यांचे, हिरवा पाल्याचा, गडद रंगाला वाळकं बी आणि साल. एक म्हातारा गुडघ्याखाली रबराची गादी घेऊन चिमटीने पांढऱ्या पाकळ्या ओळीत सोडत होता, आणि त्याच्या नातीने एक ठिकाणी जास्त टाकल्या तर बोटाने उचलून परत डब्यात. जळगावच्या रथाच्या दिवशी बायका दारात जशा बसतात तसंच सगळं, फक्त ढोल नाही. हिने विचारलं, आपण दोन चिमटी टाकू का? पोरीने विचारलं. त्या म्हाताऱ्याने सरकून जागा दिली आणि एक कोपरा दाखवला. नीट भरलाय की नाही ते बघून त्याने मान हलवली. त्या कोपऱ्यावरून मिरवणूक गेली तेव्हा ही हात जोडून उभी होती. कोणाला जोडले ते मी विचारलं नाही.

ह्युफिंगनच्या शेजारी डोनाउएशिंगन. इथे डॅन्यूबचा उगम म्हणून एक गोल दगडी कुंड बांधलंय. आपली तापी मुलताईच्या कुंडातून निघते असं आपण मानतो, इथेही गावाच्या मध्यभागी कुंडच, तळाला नाणी टाकलेली. भूगोलाच्या दृष्टीने डॅन्यूब ब्रिगाख आणि ब्रेग या दोन ओढ्यांच्या संगमापासून धरतात, आणि ब्रेग ज्या फुर्टवांगनजवळ उगम पावते ते गाव म्हणतं खरा उगम आमच्याकडे. भांडण जुनं आहे. तापी ७२४ किलोमीटर, ही २८५० च्या आसपास. अर्धा तास पुरतो.

टिटिसेबद्दल तेवढंही नको. तळं छान, पण रस्ता म्हणजे कुकू घड्याळांची आणि चुंबकांची दुकानं. तिथल्या तळ्याकाठच्या एका हॉटेलात साध्या पाण्याला पैसे लावले, तेही पाव लिटरला, आणि नळाचं मागितलं तर वाढणाऱ्याने ऐकू न आल्यासारखं केलं. पाण्याची बाटली घरून भरून न्या. नळाचं पाणी सगळीकडे पिण्याजोगं असतं. विकतची प्लॅस्टिकची बाटली घेतलीच तर २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात परत टाकली की मिळते. आमच्या सौभाग्यवतीने हा खेळ चांगलाच मनावर घेतला.

जेवण. हिच्या गळ्यात माळ आहे, म्हणून आम्हाला सगळं विचारून खावं लागलं. मेनूत भाजीचं वाटणारं बरंच काही फसवं असतं. फ्लेडलेझुप्पे म्हणजे धिरड्याच्या पट्ट्या घातलेलं सूप, पण पाणी गोमांसाचं. माउल्टाशेन करंजीसारखं दिसतं, आत मांस. चालणारं काय, तर केझेश्पेट्सले, म्हणजे चीज घातलेले पिठाचे तुकडे, वर कांदा. आणि बिबेलेस्केस. हे नाव लिहून ठेवा. चक्क्यासारखं घट्ट दही, त्यात कांदा आणि हिरवी पात, सोबत खरपूस बटाट्याच्या काचऱ्या. हिने पर्समधून ठेच्याची डबी काढली, थोडा त्यात कालवला, आणि पुढे पूर्ण मुक्कामात तिने दुसरं काही मागितलं नाही. ब्लॅक फॉरेस्ट केकमध्ये चेरीची दारू असते, आणि तिची चव लागलीच पाहिजे अशी तिकडच्या नियमांची अपेक्षा आहे. माळकऱ्यांनी लांब राहावं. मी खाल्ला. आपल्या बेकरीतल्या केकवरची लाल चेरी बहुधा पाकवलेलं करवंद असते, ते माहीत असूनही दोघांची तुलना करायचा मोह झाला, आणि सांगायला नको की आपला हरला. केळीच्या बाबतीत मात्र उलट. दुकानात बघावं तर इक्वेडोरची, दिसायला एकसारखी, चवीला रावेरच्या गुरांनीही तोंड फिरवावं अशी.

म्हणून स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्या. आम्ही कळण्याचं पीठ नेलं होतं. फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा, छताला धुराचं यंत्र असतं आणि मिरचीची त्याला सवय नाही. रविवारी दुकानं बंद, म्हणजे खरोखर बंद, दूधसुद्धा शनिवारी आणून ठेवायचं. रात्री दहानंतर आवाज नाही. हिला पहिल्या संध्याकाळी ते अंगावर आलं, “आठे ते कोनीच दखास नई!” उन्हाळ्यात साडेनऊपर्यंत उजेड असतो, आणि उजेडात एवढी शांतता आपल्या माणसाला चमत्कारिक वाटते. पहिला दिवस जड जातो, हे धरून चला.

कार्डाबद्दल तक्रार एकच. ते समजावून सांगणारी पुस्तिका आमच्या घरमालकिणीकडे जर्मनमध्येच होती, आणि कुठली बस कार्डात नाही हे बारीक अक्षरात शेवटी. पोरीकडून आधीच वाचून घ्या. आणि शेवटची बस बघून ठेवा, डोंगरातल्या काही फाट्यांवर ती संध्याकाळी सातच्या आतच निघून जाते.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो त्या पुस्तिकेचा. मे अखेर ते सप्टेंबर जा, खोली जानेवारी-फेब्रुवारीतच ठरवा, व्हिसाला वेळ लागतो तो वेगळा. आणि कार्डावर निघायच्या दिवसाची तारीख नीट टाकून घ्या. ते त्या दिवशीही चालतं, त्यामुळे सामान घरमालकिणीकडे ठेवून सकाळी अजून एक घाट उतरून येता येतो.